कॅसेटवरचं उत्तर

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, लागून तीन दिवस झाले होते. सकाळी नऊलाच नागपूरच्या हुडकेश्वरमधल्या आमच्या घराच्या भिंती आतून गरम लागत होत्या, तरी मी कूलर बंद केला. कूलर चालला की आमच्या घरातली वीज दबते, आणि बाबांचा कॉम्प्युटर दबलेली वीज सहन करत नाही. पडद्यावरचं सगळं पुसून टाकतो आणि पहिल्यापासून सुरू होतो. आई हातपंखा घेऊन शेजारच्या खुर्चीवर बसली. तिला रक्तदाब आहे. आतल्या खोलीत जाऊन पड म्हटलं, तर म्हणाली, "तिथं काय थंड आहे? मी इथंच बसते."

बाबा मे महिन्याच्या सहा तारखेला गेले. आधी दुसरीकडे आणि मग कोराडीच्या वीज केंद्रात त्यांनी एकूण सव्वीस वर्षं मीटर आणि गेज सांभाळले होते, आणि निवृत्त झाल्यावर हा कॉम्प्युटर मुंबईहून मागवला होता. टाइपरायटरएवढं फिकट रंगाचं खोकं, त्यातच कीबोर्ड. एक वायर ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला, दुसरी कॅसेटच्या टेपरेकॉर्डरला. जे लिहायचं ते टीव्हीवर दिसायचं आणि जे ठेवायचं ते साध्या गाण्याच्या कॅसेटवर उतरायचं. परत हवं असेल तेव्हा कॅसेट वाजवायची. मशीन तो आवाज ऐकून अक्षरं परत आणायचं.

मागच्या सप्टेंबरात रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं, की घशातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल. बाबा नको म्हणाले. मी पुण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. ओळखीतून दोन जाड वैद्यकीय पुस्तकं मिळवून मी ती आठवडाभर वाचली. त्यांत एक आकडा होता. या अवस्थेतल्या शंभर रोग्यांपैकी ऑपरेशननंतर पाच वर्षं किती जगतात, त्याचा. तो मी बाबांना सांगितला नाही. "ऑपरेशन केलं की बरे व्हाल," एवढंच सांगितलं. दोन दिवस त्यांच्यापुढे रडले, आणि त्यांनी सही केली.

त्यानंतर बाबा टाइप करून बोलायचे. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. आईची शाळा चौथीपर्यंतची. छप्पन्नाव्या वर्षी तिला त्यांनी ए-बी-सी-डी शिकवली, कारण नाहीतर घरात बोलायला कुणी नव्हतं.

एप्रिलमध्ये आले तेव्हा मी त्यांना विचारलं, "बाबा, मी चुकले का?" कशाबद्दल ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. दोन अक्षरं उमटली असतील नसतील, तेवढ्यात आईनं आतून कूलर लावला आणि पडदा कोरा झाला. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत बाबा बघत राहिले. मग त्यांनी हातानं पाणी मागितलं. मी तिसऱ्या दिवशी पुण्याला परतले. महिनाअखेरीस आईचं कार्ड आलं: 'त्यांनी तुझ्यासाठी नऊ दिवस बसून लिहिलं आहे. कॅसेटवर ठेवलं आहे. आलीस की बघ.' मी पोचले ती त्यांना नेल्यानंतर.

त्या कॅसेटवर माझं उत्तर होतं. ते वाचायची मला भीती वाटत होती, आणि ते कधीच वाचता येणार नाही याची त्याहून जास्त.

तेरवीनंतर मी एकटीनं दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा कॅसेट लावण्याआधीच मशीन बंद पडलं. म्हणून परवा रामदासपेठेत नव्यानं निघालेल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. माणूस टाय लावून बसला होता. त्यानं मला एक भलामोठा कॉम्प्युटर दाखवला, पातळ काळी फ्लॉपी आत सरकवून दाखवली, हिरवी अक्षरं दाखवली.

"यावर कॅसेट वाचता येईल?" मी विचारलं.

"कॅसेट? मॅडम, कॅसेट आता फक्त गाण्याला."

"जुन्या मशीनवरचं यात आणता येईल?"

"जुनं विसरायचं असतं मॅडम, म्हणून तर नवीन घ्यायचं."

तिथूनच मी कोराडीला फोन लावून बाबांचे सहकारी ताराचंदकाका यांना निरोप ठेवला. आज पहिल्या बसनं ते आले. पिशवीत सोल्डरिंगची कांडी, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, स्पिरिटची बाटली आणि कापूस. दारातच त्यांनी आईला हात जोडले, बाबांच्या फोटोकडे न बघता सरळ मशीनपाशी गेले, आणि झाकण उघडून आत वाकून पाहत राहिले.

"काय बिघडलं, काका?"

"बिघडलं काही नाही, बेटा. ह्या चिपा पाहा. दिवसा तापते, रातच्याले थंड होते, तं हळूहळू वर सरकते. आपल्या जागी नाही राहत." त्यांनी अंगठ्यानं एकेक चिप दाबली. प्रत्येक वेळी बारीक कट्ट असा आवाज आला. "पण एक चिप खरंच थकली आहे. आज चालन, उद्याचं मी नाही सांगत. इची दुसरी इथं भेटत नाही. कंपनीनंच बनवणं सोडलं."

"म्हणजे आजच."

"आजच. आणि वीसेक मिनिटाच्या वर तापली की अडते. तेवढ्यात कॅसेट वाचायची, अन् तेवढ्यात वहीत उतरवून घ्यायचं. प्रिंटर हाये का?"

"नाही."

"मंग हात चालव."

टेबलफॅन मशीनच्या उघड्या पोटावर लावून त्यांनी टेपरेकॉर्डरचं डोकं, फीत जिथं घासते ते हेड, स्पिरिटनं पुसलं. कापूस तपकिरी झाला. मी कॅसेट दिली. तिच्यावर बाबांचं नाही, आत्याचं अक्षर होतं: 'भजन'. बाबा घरात पडून असलेल्या जुन्या भजनाच्या कॅसेटी वापरायचे आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या तशाच ठेवायचे. फक्त कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक खूण करायचे. ह्या कॅसेटवर नऊ काड्या होत्या.

"पहिले नुसतं ऐकू," काका म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

मशीनचा आवाज मला माहीत होता, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. तो आला नाही. टाळ वाजले. मग एका बाईचा खणखणीत आवाज भजन म्हणू लागला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. स्वयंपाकघरातून वच्छला आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. आत्या बाबांची मोठी बहीण. सकाळचा उपमा तिनंच केला होता. दाराशी उभी राहून ती क्षणभर ऐकत राहिली.

"हा तं माया आवाज होय," ती म्हणाली. बरं वाटल्यासारखी.

एक कडवं झालं, दुसरं सुरू झालं, आणि अर्ध्या शब्दात आवाज तुटला. खट्ट. मग लगेच तो खिळा ओढल्याचा आवाज. काकांनी टेप थांबवली.

"ताई, हे कधी भरलं?" आईनं विचारलं.

"अकराव्याच्या संध्याकाळी नाही का मंडळ आलं होतं. म्या म्हटलं भरून ठेवू. ही कॅशेट लावून पाह्यली, तं हिच्यात नुसतं चिं चिं चिं होऊन राह्यलं होतं. म्या म्हटलं मधुकरचं आजारपण, कॅशेटकडे कोण पाहते, खराब झाली. अन् वर तं भजनच लिहिलं आहे." तिचं लक्ष आता माझ्या चेहऱ्याकडे गेलं. "एक कडवं झालं अन् लाइट गेली. मंग राहून गेलं. काहून वं गोपे? काय होतं त्याच्यात?"

"बाबांनी लिहिलेलं होतं, आत्या."

"आवाजात लिहिते का कोणी?"

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती भिंतीला टेकून खाली बसली. मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण त्या खोलीत ओरडण्याचा हक्क सगळ्यांत कमी मला होता.

"किती गेलं, काका?"

"पाहू." त्यांनी टेप मागं घेतली, वायर जोडली आणि मशीनला फक्त यादी वाचायला सांगितली. बाबा कुठलीही गोष्ट कॅसेटवर ठेवताना सगळ्यांत हळू वेग निवडायचे. मशीन लिखाण लहान तुकड्यांत ठेवतं, प्रत्येक तुकड्याला नाव आणि नंबर देतं. आत्याचं भजन चालू असताना पडदा कोरा होता. मग अक्षरं उमटली: GOPI, आणि पुढं नंबर. नंबर सहा.

"मशीन शून्यापासून मोजते. म्हणजे सहा तुकडे गेले," काका म्हणाले. "बाकी बसून आहेत. त्यानं दोनदा भरून नाही ठेवलं?"

"त्या आठवड्यात बसवत नव्हतं त्याईले," आई म्हणाली.

"सुरुवात नसली तं मशीन घेत नाही. पण 'चूक दिसली तरी थांबू नको, पुढं वाच' असा हुकूम देता येते. केंद्रात असं केलं असतं तं तुया बाबानंच, मधुकररावनं, मले झापलं असतं." ते दोन बोटांनी टाइप करू लागले. आठ ओळी. घामाचा थेंब कीबोर्डवर पडला, तो त्यांनी बाहीनं टिपला.

पहिल्या वेळी तेराव्या तुकड्यावर मशीन अडलं. पडद्यावर चौकोनच चौकोन. काकांनी चिपा पुन्हा दाबल्या, दहा मिनिटं सगळं थंड होऊ दिलं. मी आईच्या मानेवर ओला पंचा ठेवला. तिचा चेहरा लाल झाला होता.

"आई, आत जा. हे आम्ही करतो."

"तू तुयं काम कर."

दुसऱ्या वेळी टेपच गुंतली. आवाज एकदम जाड झाला, आणि काकांचा हात माझ्याआधी बटणावर गेला. झाकण उघडलं तर तपकिरी फीत चाकाभोवती गुंडाळली गेली होती. मी माझा हात मागं घेतला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, नखानं फितीचा एक पदर धरला, आणि इतक्या हळू सोडवला की मला वेळ थांबल्यासारखा वाटला. फितीला दोन सुरकुत्या पडल्या होत्या. ती त्यांनी बोटावर ताणून सरळ केली आणि पेन्सिलीनं चक्री फिरवून आत घेतली.

"आता तिसरी बारी," ते म्हणाले. "चौथीची हिंमत ह्या फितीत नाही."

त्यांनी वायर काढून टेप आधी नुसतीच वाजवली आणि डोक्याजवळचा एक बारीक स्क्रू पाव पाव वळवत कान देऊन ऐकलं. आवाज बोथट होता. मग धारदार झाला, मग पुन्हा बोथट. ते धारदारपणाकडे परत आले आणि तिथं थांबले. "हेच. मधुकररावनं डोकं इथंच लावलेलं होतं."

सहा, सात, आठ. मी नंबर मोजत होते. आत्या भिंतीशी डोळे मिटून बसली होती, ओठ हलत होते. तेरा गेला. सुरकुती आली तेव्हा आवाज डुचमळला, पडद्यावर एक ओळ अशुद्ध झाली, पण मशीन थांबलं नाही. एकोणतीस. मग शांतता, आणि टीव्हीवर अक्षरं.

"लिही," काका म्हणाले.

मी समजून न घेता लिहीत गेले. इंग्रजी अक्षरांतली त्यांची मराठी वहीत देवनागरीत उतरत होती. पहिलं वाक्य अर्ध्यातूनच सुरू झालं होतं:

'वर लिहिले ते एकदाच. पुन्हा लिहिणार नाही, तूही पुन्हा विचारू नको. आता मशीनचे.

'मशीन अडले तर आधी वीज पाह. निम्मी दुखणी विजेची असतात. कूलर, मिक्सर, इस्त्री बंद कर. मग वायरी काढून पुन्हा लाव, सगळ्या, जी हलली नाही असे वाटते तीसुद्धा. मग अर्धा तास थांब. थांबणे हा पण इलाज आहे. थापट मारू नये. टीव्हीला मारतेस ते मी पाहिले आहे.

'चित्र वर सरकू लागले तर दोष मशीनचा नाही, टीव्हीचा आहे. मागचे मधले बटण. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने बरे झाले ते कळत नाही.'

इथं काकांनी नाकातून आवाज काढला. "हे वाक्य आमच्या सेक्शनमध्ये त्यानं भिंतीवर लिहिलं होतं."

"काका, किती मिनिटं झाली?"

"अकरा. लिही तू."

'हे मशीन आता फार चालणार नाही. नवे घेशील. घेताना जाहिरात वाचू नको आणि विकणाऱ्याला काय घेऊ विचारू नको. काय करायचे आहे ते आधी कागदावर लिही. दुकानात खुर्ची मागून बस आणि एक पूर्ण पान टाइप कर. बोटे दुखली तर सोडून दे. बिघडल्यावर नागपुरात कोण दुरुस्त करील ते आधी विचार, मशीन मग पाह. जुने लिखाण नव्यात कसे जाईल हे ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नको.

'देवनागरी दाखवणारी मशीने येत आहेत असे वाचले. महाग आहेत. पण घ्यायचे तर तसे घे, आणि अक्षर मोठे. तुझी आई इंग्रजी अक्षरे माझ्यासाठी शिकली. तिला आता त्यांची गरज नाही. पण वाचायची सवय मोडू देऊ नको.

'अडल्यास ताराचंदला विचार. तो आधी शिव्या देईल, मग येईल.'

तिथं ते संपलं होतं. मी शेवटचा शब्द लिहिला, शिव्यांच्या ओळीशी काका डोळे पुसत होते, आणि पडद्यावर आडव्या रेघा आल्या. मशीनमधून जळकट वास आला. काकांनी प्लग ओढला.

"गेली चिप," ते म्हणाले.

मी वही पहिल्या पानावर आणली. वर लिहिले ते एकदाच. म्हणजे त्यांनी उत्तर दिलं होतं. ते भजनाखाली होतं, आणि तिथून ते आता कुणीच काढू शकणार नव्हतं.

"गोपे," आत्या म्हणाली, "मले शिव्या तरी दे वं."

"नाही आत्या. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

हे माझ्या तोंडून गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं. आईनं हातपंखा मांडीवर ठेवला.

"मले मालूम आहे तिथं काय होतं," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"ते लिहीत तेव्हा मी इथंच बसत होते. एकेक अक्षर जोडून वाचत होते. माह्या वाचण्यासाठी थांबत ते. पहिले दोन दिवस तेवढंच लिहिलं, सहा-सात वेळा पुसलं." ती घोटभर पाणी प्यायली. "मी सांगणार नव्हते. तुयं होतं ते. तुले त्याईच्याच हातचं भेटलं पाहिजे असं मले वाटे. आता नाही भेटत तं सांगते. लिहून घे. पण मी सांगन तसंच लिहिजो, गोड करू नको."

ताराचंदकाका उठले. "मी जरा बाहेर बसतो, वहिनी."

"बसा भाऊजी. तुमचंही नाव आहे त्याच्यात."

ते परत बसले. मी कोरं पान काढलं. आई समोर पाहत, शाळेत कविता म्हणावी तशी, एकेक वाक्य पूर्ण थांबून सांगू लागली. ते शब्द तिचे नव्हते.

"'हो. चुकलीस.'"

मी लिहिलं.

"'ऑपरेशन करवलेस म्हणून नाही. तुला आकडा माहीत होता आणि मला सांगितला नाहीस म्हणून. मला वाचता येते. रडताना तू ज्याचे नाव घेतलेस तेच पुस्तक डिसेंबरात ताराचंदकडून मागवले आणि वाचले.'"

काकांनी मान खाली घातली. "मले म्हणाला, गोपीले सांगू नको. म्या नाही सांगितलं," ते जमिनीकडे पाहत म्हणाले.

"'आयुष्यभर मी मीटर वाचले. काटा लाल रेघेवर आहे हे ज्याने लपवले त्याला मी एकदा सेक्शनमधून काढले होते. तुझा राग आला. तू संक्रांतीला आलीस तेव्हा होता. आजही थोडा आहे.'"

पेन चालत नव्हतं. मी ते झटकलं, पुन्हा लिहिलं.

"'आकडा कळला असता तर मी नाही म्हटले असते आणि दिवाळीआधी गेलो असतो. सहा महिने जास्त मिळाले. त्यात हिला वाचायला शिकवले. आवाज असता तर ते झाले नसते. दोन्ही खरे आहे. एकातून दुसरे वजा करू नको, मीही करत नाही. हे—'"

आई थांबली. "अन् पुढं ते, जे तू आधीच लिहिलं आहे."

मी पान उलटून पाहिलं. 'हे' आणि 'वर लिहिले ते एकदाच' यांच्या मधे आता काही शिल्लक नव्हतं.

खोलीत टेबलफॅन तेवढा फिरत होता. आत्या भिंतीपासून उठून आईच्या पायांशी येऊन बसली होती. माझ्या मनात माफीचं एक वाक्य तयार होतं, सप्टेंबरपासून होतं, आणि ते ऐकायला आता कुणी नव्हतं.

"गोपे," आई म्हणाली, "तो आकडा कोणता होता? त्याईनं नाही लिहिला. मी नाही विचारला. त्याईले मालूम होता, तुले मालूम होता, ताराचंदभाऊजीले मालूम आहे. ह्या घरात मलेच मालूम नाही."

काका म्हणाले, "वहिनी, आता त्याचं काय—"

"मी तिले विचारून राहिली, भाऊजी."

मी वही मिटली. तिच्या चेहऱ्यावरचा घाम, फुगलेली कपाळाची शीर, हे सगळं मला दिसत होतं. नंतर सांगते, असं म्हणण्याइतकी कारणं समोर होती.

"शंभरात अकरा," मी म्हणाले.

आईनं ते ऐकलं. मग तिनं विचारलं, "अन् हे त्या अकरातले असतील, असं तुले खरंच वाटलं होतं?"

"नाही," मी म्हणाले.